खुलताबादची एक कबर

वेरूळची लेणी पाहून परतताना आमच्या धर्मग्रामातील तरुणांची गाडी आम्ही मुद्दाम खुलताबादेत थांबवली. या लहानशा गावाला जो तो येतो तो औरंगजेबाची उघडी, साधी कबर पाहण्यासाठी. ती पाहून झाल्यावर आम्ही मुलांना गावातील दुसऱ्या एका घुमटाकडे घेऊन गेलो. तेथे गर्दी नव्हती. आत एक कबर आणि बाहेर दुपारचे ऊन, एवढेच. "येथे जो विसावला आहे तो लहानपणी बाजारात विकला गेला होता आणि पुढे त्याने दिल्लीच्या बादशहाला वीस-पंचवीस वर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर अडवून धरले," असे आम्ही सांगितले. मुले क्षणभर गप्प झाली. मग नवापूरकडील एका मुलाने विचारले, "फादर, गुलाम म्हणजे आपल्याकडच्या सालदारासारखाच का?"

आम्ही त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि गाडीत बसलो. परंतु कन्नडचा घाट उतरून खानदेशात येईपर्यंत तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आमचे उत्तर घाईचे होते, हे आम्हांला कळत होते. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिराने दिलेले उत्तर आहे. त्यासाठी प्रथम त्या कबरीतील माणसाची, मलिक अंबरची, हकीकत नीट सांगितली पाहिजे.

चापू नावाचा मुलगा

मलिक अंबरचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू होते, असे पीटर व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. हा व्यापारी १६१७ मध्ये त्याला प्रत्यक्ष भेटला होता. चापूचे आईबाप कोण, त्याला कोणी व कसे पळवले, हे इतिहासाने जपून ठेवलेले नाही. बाजारात माणूस विकला जातो तेव्हा सर्वांत आधी त्याचे घर पुसले जाते आणि नंतर त्याचे नाव.

तांबड्या समुद्राच्या काठाकाठाने अरबस्तानातून इराकपर्यंत गुलामांचा व्यापार शतकानुशतके चालत आला होता. चापू या वाटेने एका हातातून दुसऱ्या हातात जात बगदादला पोहोचला आणि मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी राहिला. या मालकाने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि त्याचे नाव 'अंबर' ठेवले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे एक मौल्यवान सुगंधी द्रव्य. गुलामांना काफूर, याकूत, अंबर अशी सुवासाची आणि रत्नांची नावे देण्याची त्या काळी रीत होती. नावे सुंदर होती, पण ती मालाची नावे होती.

१५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनेत आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम होता. वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. म्हणून त्या काळची ही व्यवस्था समजावून घेणे आवश्यक आहे.

दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात दोन तट होते. एक इराण-तुराणातून आलेल्या परदेशी सरदारांचा आणि दुसरा दक्षिणी म्हणवणाऱ्या स्थानिकांचा. या भांडणात सुलतानांना अशी माणसे हवी असत की ज्यांना येथे भाऊबंद नाहीत, जहागिरीचा वारसा नाही आणि धन्याखेरीज कोणाचा आधार नाही. आफ्रिकेतून आणलेले तरुण या गरजेला पुरे पडत. दख्खनचे कापड समुद्रापलीकडे जाई आणि त्या व्यापाराच्या उलट्या प्रवाहात माणसे येत. त्यांना घोड्यावर बसवले जाई, तलवार दिली जाई. धनी मेला की पुष्कळदा त्यांना मोकळीक मिळे आणि मग ते पगारी शिपाई किंवा सरदार होत. अमेरिकेच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या गुलामीहून ही गुलामी या बाबतीत निराळी होती. पण निराळी म्हणजे चांगली नव्हे. आईच्या कुशीतून ओढून काढलेल्या मुलाला पुढे घोडा मिळाला म्हणून ओढून काढण्याचे पाप पुसले जात नाही.

दीडशे स्वार

१५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मृत्यू पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्याने विवाह केला. त्याच्या पत्नीचे नाव बीबी करीमा. तीही खुलताबादेतच चिरनिद्रा घेत आहे. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे त्याने साधा शिपाई म्हणून काढली. काही काळ तो विजापूरच्या आदिलशाहीत चाकरीस होता आणि तेथेच त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वार घेऊन निजामशाहीत परतला तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. ज्या वयात आम्ही धर्मगुरू आता नवीन जबाबदारी नको असे म्हणू लागतो, त्या वयात या माणसाच्या खऱ्या कार्याला सुरुवात झाली.

निजामशाही त्या वेळी बुडत होती. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांपासून मोठ्या धैर्याने राखला. परंतु १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिचा घात केला, किल्ला अकबराच्या सैन्याच्या हाती पडला आणि बाल सुलतान कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. पाठोपाठ १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेशची फारुकी राजवट संपली. म्हणजे तापीचे सारे खोरे मोगलांचे झाले. दिल्लीचे राज्य आता दख्खनच्या दारात उभे राहिले होते.

अशा वेळी मलिक अंबरने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून काढले, परांडा येथे त्याला दुसरा मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. राजधानी नाही, खजिना नाही, मुलुखाचा बराच भाग शत्रूकडे. अशा स्थितीत त्याने एक राज्य पुन्हा उभे करायला घेतले. दीडशेचे काही हजार स्वार झाले. राजू दक्षिणी नावाचा प्रतिस्पर्धी त्याने दूर केला. राजधानी परांड्याहून १६०७ मध्ये जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्लाही त्याने परत घेतला.

आमच्या वाटेवरचे युद्ध

या युद्धाचा आमच्या नंदुरबारशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध रस्त्याचा आहे. अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे होते. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा मार्ग येथून जाई आणि बुऱ्हाणपूर ही तर दख्खनवरील स्वाऱ्यांची मोगलांची मुख्य छावणी होती. १६१० मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच मार्गाने नंदुरबारवरून गेले. आज ज्या रस्त्याने आमची माणसे मजुरीसाठी सुरतेकडे जातात त्याच दिशेचा तो रस्ता. फक्त प्रवाहाचे तोंड फिरले आहे.

त्याच फिंचने मलिक अंबरच्या सैन्याचा अंदाज दिला आहे : त्याच्या स्वतःच्या जातीचे, म्हणजे हबशी, सुमारे १०,००० आणि दक्षिणी सुमारे ४०,०००. या चाळीस हजारांत मराठे मोठ्या संख्येने होते. मालोजी, शहाजी, शरीफजी या भोसल्यांची आणि जाधवरावांसारख्या सरदारांची कारकीर्द निजामशाहीच्या याच काळात घडली.

अंबरच्या युद्धपद्धतीचे मर्म असे होते की बलाढ्य शत्रूला त्याच्या आवडीच्या मैदानात भेटायचे नाही. मोगलांकडे तोफा होत्या, हत्ती होते, जड सामानाचे तांडे होते. अंबरकडे हलके घोडे, घाटवाटा ठाऊक असलेले स्वार आणि डोंगरी किल्ले होते. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद तोडावी, दाणा-वैरण मिळू देऊ नये, रात्री छावणीवर बाण टाकावेत आणि तो थकून मागे फिरला म्हणजे त्याच्या पाठीवर बसावे, ही ती रीत. मराठी माणसाला तिचे नाव सांगायला नको.

१६११-१२ च्या सुमारास या रीतीचा प्रत्यय आमच्या शेजारीच आला. गुजरातचा मोगल सुभेदार अब्दुल्लाखान मोठी फौज घेऊन नाशिककडून दौलताबादच्या रोखाने निघाला. वऱ्हाडातून येणाऱ्या दुसऱ्या फौजेशी त्याने मेळ घालायचा, अशी योजना होती. पण विजयाचा मान एकट्याला मिळावा म्हणून तो थांबला नाही. अंबरच्या स्वारांनी त्याला पुढे येऊ दिले आणि मग चोहोबाजूंनी इतके सतावले की त्याला मागे फिरावे लागले. परतीच्या वाटेवर त्याची चांगली माणसे कामी आली. बागलाणच्या हद्दीपर्यंत हा पाठलाग चालला आणि तेथून तो गुजरातेत निघून गेला. बागलाण म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेचा शेजार.

सगळेच दिवस विजयाचे नव्हते. १६१६ मध्ये रोशनगावजवळ अंबरचा मोठा पराभव झाला आणि त्याने वसवलेले खडकी शहर मोगलांनी जाळले. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दख्खनेत आला तेव्हा अंबरला तह करून अहमदनगर परत द्यावे लागले. पण १६२० मध्ये तो पुन्हा उठला. त्याच्या घोडदळाने बुऱ्हाणपूरलाच वेढा घातला आणि नर्मदा ओलांडून मांडूपर्यंत धडक मारली. १६२१ मध्ये खुर्रम दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा तह झाला. इतिहासाची थट्टा अशी की तोच खुर्रम पुढे बापाविरुद्ध बंड करून पळाला तेव्हा त्याला मलिक अंबरचाच आश्रय शोधावा लागला.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र त्याच्यावर आल्या. अंबर त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होता. त्याने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्यांची झोप उडवली आणि शेवटी एकाच दिवशी दोन्ही फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे पराक्रमाने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या युद्धाचे वर्णन आहे आणि तेथे या हबशी सेनापतीचे शौर्य मोकळ्या मनाने मान्य केलेले आहे.

जहांगीर बादशहाला मात्र अंबरचे नाव सहन होत नसे. आपल्या आठवणींत तो त्याच्या काळ्या रंगाचा आणि गुलामीचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या दरबारी चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारीत आहे. हे चित्र आज डब्लिन येथे आहे. वास्तवात जहांगीरला अंबर कधी सापडला नाही. जे रणात जमले नाही ते कागदावर करून घेतले, एवढाच त्याचा अर्थ. पण १६२६ च्या मे महिन्यात अंबर मृत्यू पावला तेव्हा मोगल दरबाराच्याच इतिहासकाराने लिहिले की, युद्धात, नेतृत्वात आणि कारभारात त्याला तोड नव्हती. शत्रूने दिलेले हे प्रमाणपत्र बादशहाच्या चित्रापेक्षा जास्त टिकले.

पाणी आणि धारा

तलवारीने मिळवलेले पुष्कळांनी पुष्कळ वेळा गमावले. मलिक अंबरचे जे टिकले ते वेगळेच होते. १६१० मध्ये त्याने दौलताबादजवळ खडकी नावाच्या खेड्याच्या जागी शहर वसवले. औरंगजेबाच्या काळात ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. या कोरड्या जागी शहराला पाणी कोठून आणावे, हा प्रश्न होता. अंबरने उत्तरेच्या डोंगरांतील जमिनीखालचे झरे अडवून, भुयारी नळांतून केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणले. जागोजागी तपासणीची विवरे ठेवली, पाण्याचा दाब सांभाळण्यासाठी मनोरे उभारले. या नहरे-अंबरीने पुढे शतकानुशतके शहराला पाणी पुरवले. पाहुण्यांना दाखवली जाणारी पाणचक्की नंतरच्या काळातली आहे. परंतु नहरींची परंपरा अंबरने घालून दिलेली.

त्याचे दुसरे काम जमिनीचे. शेतीचा सारा ठरवताना त्याने जमिनीची प्रत पाहिली, प्रत्यक्ष किती पिकते याचा अंदाज घेतला, उत्पन्नाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धारा बांधून दिला आणि वसुलीत गावच्या पाटलाला जबाबदार धरले. आपले किती जाणार हे कुणब्याला आधी कळू लागले. हीच ती 'मलिकंबरी' पद्धत. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी हीच पद्धत समोर ठेवली आणि मराठी कागदपत्रांत हे नाव पुढेही येत राहिले. आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाचे नाव मराठी शेतकऱ्याच्या साऱ्याशी जोडले गेले, याहून त्याच्या येथील असण्याचा अधिक मोठा पुरावा कोणता?

रशियातला त्याचा धाकटा भाऊ

जगाच्या इतिहासात असे दुसरे उदाहरण आहे का, असे मुलांनी विचारले होते. आहे. मलिक अंबर वारल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी आफ्रिकेतच आणखी एक मुलगा जन्मला. त्यालाही लहानपणी पळवून तुर्कांच्या कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले आणि तेथून १७०४ च्या सुमारास रशियाच्या झार पीटरकडे पोहोचवण्यात आले. पीटरने १७०५ मध्ये त्याचा बाप्तिस्मा करवला, स्वतः त्याचा धर्मपिता झाला आणि १७१७ मध्ये त्याला फ्रान्समध्ये सोबत नेऊन शिक्षणासाठी तेथे ठेवले. तेथे तो गणित आणि किल्ल्यांच्या बांधणीची विद्या शिकला. अब्राम पेट्रोविच गानिबाल या नावाने तो रशियाच्या सैन्यात चढत गेला, रेवाल म्हणजे आजच्या टालिन शहराचा लष्करी अधिकारी झाला आणि १७५९ मध्ये सर्वोच्च सेनापतींच्या पदाला पोहोचला. १७८१ मध्ये तो वारला. रशियाचा महाकवी पुश्किन हा त्याचा पणतू. आपल्या या पणजोबावर पुश्किनने एक कादंबरी लिहायला घेतली होती. ती अपुरी राहिली.

दोघांच्या कथा सारख्या वाटतात, पण एक फरक लक्षात घ्यावा. गानिबालला एका बलाढ्य राजाचा हात मिळाला. अंबरला मिळालेला हात चंगेजखानाच्या मृत्यूबरोबर गेला आणि पुढची वीस वर्षे त्याला कोणी ओळखत नव्हते. त्याला राजा भेटला नाही. त्यानेच राजे निर्माण केले.

डाग

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता, खरा झाला नसता. आम्हांला बायबलमधील योसेफ आठवतो. भावांनी त्याला व्यापाऱ्यांना विकले, तो मिसर देशी गेला आणि अखेर फारोच्या खालोखाल अधिकारी झाला. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही ही तुलना करतोही. परंतु योसेफने हातात सत्ता आल्यावर भावांना क्षमा केली. अंबरच्या चरित्रात मात्र एक काळे पान आहे. सुलतानाच्या इराणी वंशाच्या राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. ती गोष्ट मुलीने बापाला सांगितली आणि १६१० मध्ये अंबरने सुलतान व ती राणी या दोघांनाही विष देवविले, असे त्याच डच व्यापाऱ्याने लिहिले आहे. गादीवर पाच वर्षांचे मूल बसवण्यात आले. सारी सत्ता हाती असलेल्या साठी उलटलेल्या या माणसाला 'गुलाम' हा एक शब्द इतका खोल लागला. गुलामी कागदावर संपते त्या दिवशी मनातून संपत नाही. आणि दुखावलेला माणूस सत्तेवर आला की त्याच्या हातूनही रक्त सांडते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या बाजाराने चापूला विकले तो बाजार मलिक अंबरच्या कारकीर्दीत बंद झाला नाही. त्याच्या फौजेतील हबशी बहुतेक त्याच वाटेने आले होते. एक माणूस वर चढला म्हणून शिडीखालच्या हजारोंचे ओझे हलके होत नाही. विकले गेलेल्यांपैकी किती जण मलिक अंबर झाले? बाकीच्यांची कबर कोठे आहे, हे विचारायला नको का?

आणि हे विचारताना आम्ही ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून चालणार नाही. त्याच शतकात गोव्याच्या बाजारात पोर्तुगीज ख्रिस्ती धनी आफ्रिकेची माणसे विकत घेत होते. १४५२ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या आज्ञापत्राचा आधार अशा व्यवहाराला मिळाला होता. १५३७ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्याचा निषेध केला. पण व्यापाऱ्यांनी तो कानांआड केला. गोव्यातून पळून गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज आजही उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या जंगलभागात सिद्दी म्हणून राहतात. त्यांच्यात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदू आहेत. ते आमचेच श्रद्धाबंधू, पण त्यांची आठवण आम्हांला किती वेळा होते?

याच काळात दुसराही प्रवाह होता, तोही सांगितला पाहिजे. ज्या १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, त्याच वर्षी पेद्रो क्लाव्हेर नावाचा तरुण येशूसंघीय दक्षिण अमेरिकेतील कार्ताहेना बंदरात उतरला. गुलामांची जहाजे आली की तो औषध, पाणी आणि फळे घेऊन त्यांच्या तळघरात उतरे. १६२२ मध्ये त्याने आपल्या व्रतपत्रावर स्वतःला कायमचा गुलामांचा गुलाम म्हणवून घेतले. १६५४ मध्ये तो वारला आणि १८८८ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच वर्षी त्याच पोपनी गुलामगिरीविरुद्ध विश्वपत्र काढले. इतका उशीर का झाला, हा प्रश्न ख्रिस्तसभेने स्वतःला विचारला आहे. १९९२ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे पश्चिम आफ्रिकेतील गोरे बेटावर गेले. तेथून जहाजात चढवल्या गेलेल्या माणसांची आठवण करून त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या हातून घडलेल्या या पापाबद्दल क्षमा मागितली.

आमच्या धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण नाशिक. तेथील शरणपूर हे नाव आपण रोज ऐकतो. इंग्रजांच्या युद्धनौकांनी समुद्रावर सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी तेथे आश्रम चालवला होता. त्या आश्रमात शिकलेला जेकब वेनराइट पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली. आणि त्याचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत तो होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी उभा होता. त्याच्या हाती तलवार नव्हती, त्याने राज्य राखले नाही. पण त्यालाही इतिहासाने नावाने ओळखले.

त्या मुलाला उत्तर

आता नवापूरच्या त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गुलाम म्हणजे सालदारासारखाच का? नाही, बाळा. सालदाराचे घर त्याचे असते, नाव त्याचे असते, अक्षय्य तृतीयेला साल संपले की तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कायद्याने तो मोकळा आहे. १८४३ मध्ये या देशात इंग्रज सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली आणि स्वतंत्र भारताने १९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा केला. हे उत्तर आम्ही तुला गाडीजवळ दिले होते आणि ते खोटे नव्हते.

पण ते अपुरे होते. दिवाळीनंतर आमच्या धर्मग्रामातली किती घरे कुलूपबंद होतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि आम्हांलाही. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल देऊन जातो. ती उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून गुजरातेत ऊसतोडीला जातात. लहान मुले बरोबर जातात, शाळा सुटते, रविवारची मिस्सा सुटते. हंगाम संपतो तेव्हा हिशोब मुकादमाच्या वहीत असतो आणि वही वाचता येत नाही. पुष्कळदा उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच पायांनी पुन्हा जावे लागते. तेथे साखळी नसते, बाजार नसतो. तरीही ज्याचे पाय कर्जाने बांधलेले आहेत त्याला आम्ही कोणत्या तोंडाने पुरता मोकळा म्हणावे? तुझा प्रश्न तू पुस्तकातून विचारला नव्हतास. तू तो आपल्या घरातून विचारला होतास. आम्हांला हे घाट उतरताना समजले.

मीर कासीमने चापूला विकत घेतले, हे पाप होते. पण त्याने त्याला अक्षरही शिकवले आणि त्या अक्षराने पुढे पाण्याच्या नहरी व जमिनीचे धारे लिहिले. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेतील वसतिगृहात हंगामी स्थलांतर करणाऱ्या पालकांची काही मुले मागे राहतात. आईबाप तोडीला जातात, मूल शाळेत राहते. तेथे एकेका खाटेसाठी आम्हांला विचार करावा लागतो. परंतु आईबापांच्या त्या वहीतला हिशोब जो मुलगा किंवा मुलगी वाचू शकेल तिच्याकडून मुकादमाला पुढच्या वर्षी चुकीची बेरीज करता येणार नाही. त्यासाठी प्रत्येकाने सेनापती व्हायची गरज नाही.

पौलाने फिलेमोनला पत्र लिहिले तेव्हा पळून आलेल्या ओनेसिमाला त्याने परत पाठवले. पण गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार, असे सांगून पाठवले. त्या लहानशा पत्राला समजून घ्यायला ख्रिस्ती जगाला अठराशे वर्षे लागली. आम्हांला एका मुलाचा प्रश्न समजायला खुलताबादपासून खानदेशापर्यंतचा रस्ता लागला.

पुन्हा कधी वेरूळला गेलात तर त्या दुसऱ्या घुमटाखाली क्षणभर उभे राहा. तेथे नहरी खोदणारा, राजे बसवणारा, बादशहाला जेरीस आणणारा मलिक अंबर आहे. त्याच मातीत, घर आणि नाव हरवलेला चापूही आहे. पहिल्याला मान द्या. आणि दुसऱ्यासाठी, जमले तर, एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा.